हृद्रोगी वृद्ध आणि त्यांचे मन : 'विश्रांती'चा पुनर्विचार

वैद्यकशास्त्राने माणसाचे आयुष्य वाढविले, ही गोष्ट आता कोणी नाकारणार नाही. ज्या दुखण्यात पूर्वी माणूस चार दिवसांत जात असे, त्याच दुखण्यासह आज तो दहा-पंधरा वर्षे जगतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी ओलांडलेल्या व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. यांपैकी पुष्कळजण रक्तदाब, हृदयविकार किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचे विकार बरोबर घेऊनच दिवस कंठीत असतात. त्यांच्या शरीराची काळजी घेणारी औषधे आहेत, शस्त्रक्रिया आहेत, तपासण्या आहेत. पण वाढलेली ही वर्षे ते कोणत्या मनःस्थितीत काढतात, हा प्रश्न घरात क्वचितच विचारला जातो. मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी या नात्याने प्रस्तुत लेखात मी याच प्रश्नाचा विचार करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, हृद्रोगी वृद्धाला आपण प्रेमाने जी 'विश्रांती' देतो, ती अनेकदा त्याच्या हातून जगण्याची कारणेच काढून घेते.

विकाराचे स्वरूप

रुधिराभिसरणाच्या विकारांत एकच एक रोग येत नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या अरुंद होणे, झटक्यानंतर हृदयाचा स्नायू दुबळा होऊन त्याची रक्त ढकलण्याची शक्ती कमी होणे, दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, चालताना पोटऱ्यांत गोळे आणणारा पायांच्या धमन्यांचा विकार, नीला फुगून पाय सुजणे, अशी त्याची अनेक रूपे आहेत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. हिवताप येतो आणि जातो, हाड मोडते आणि सांधते. हे विकार मात्र बहुधा कायमचे राहतात. त्यांना आवरता येते, घालवून देता येत नाही. म्हणून रोग्याला 'बरे कधी होणार?' हा प्रश्न सोडून 'याच्यासह कसे जगावे?' हा प्रश्न हाती घ्यावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर रोग्याला आणि त्याच्या घरच्या माणसांना मिळून शोधावे लागते.

शिवाय हृदय हा काही इतर अवयवांसारखा अवयव नव्हे. गुडघा दुखला तर माणूस कुरकुरतो. छातीत कळ आली की त्याला मृत्यू आठवतो. ज्याचे हृदय दुबळे झाले आहे, त्याला रात्री आडवे पडल्यावर धाप लागते. तो दोन-तीन उश्या घेऊन, कधी बसूनच, रात्र काढतो. अशा माणसाला रात्रीची धास्ती वाटू लागली तर त्यात नवल नाही. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात आहे ना, हे तो दहा वेळा चाचपून पाहतो. आपण त्याला 'भित्रे' म्हणतो. पण आपल्याच छातीतील ठोक्यांवरचा विश्वास उडाल्यावर माणसाने कशावर विसंबावे?

अंथरुणातून खुर्चीत

हृद्रोग्याने पडून राहावे, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. ती केवळ अडाणीपणातून आलेली नाही. एके काळी तीच शास्त्राची आज्ञा होती. १९१२ मध्ये जेम्स हेरिक या अमेरिकन वैद्याने हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी होण्याच्या विकाराचे जे प्रसिद्ध वर्णन केले, त्यात पूर्ण विश्रांतीचा सल्ला होता. पुढे ही विश्रांती वाढत वाढत चार ते सहा आठवड्यांवर गेली. रोग्याने उठायचे नाही, कुशीवर वळायचे तेही दुसऱ्याच्या मदतीने, जेवण दुसऱ्याने भरवायचे आणि शौचही अंथरुणातच, असा तो नियम होता.

बोस्टन येथील सॅम्युएल लेव्हिन व त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी या नियमालाच हात घातला. रोग्याला पहिल्या काही दिवसांतच अंथरुणातून उचलून काही वेळ आरामखुर्चीत बसवावे, असा प्रयोग त्यांनी ८१ रोग्यांवर केला आणि १९५२ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुरुवातीला इस्पितळातील अनेकांना ही कल्पना रोग्याच्या जिवावर बेतणारी वाटली. प्रत्यक्षात रोगी अधिक बिघडले नाहीत. उलट खुर्चीत बसलेल्या माणसांना उत्साह वाटू लागला, घरी जाण्याची गोष्ट ते बोलू लागले. दीर्घकाळ आडवे पडल्याने पायांत रक्त साकळून गुठळ्या होतात व त्या फुप्फुसात जाऊन माणूस दगावतो, हेही पुढे चांगलेच लक्षात आले. म्हणजे जी विश्रांती जीव वाचविण्यासाठी होती, ती काहींच्या जिवावर उठत होती आणि उरलेल्यांचे मन खचवीत होती.

दुसरे उदाहरण जगाने पाहिले. २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. ते तेव्हा ६४ वर्षांचे होते. त्यांचे आता राजकारण संपले, असे अनेकांना वाटले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत पॉल डडली व्हाइट हे हृद्रोगतज्ज्ञ होते. झटक्यानंतरही माणूस कामाला लागू शकतो आणि बेताच्या व्यायामाने त्याचे हितच होते, हा विचार व्हाइट यांनी या निमित्ताने लोकांपुढे मांडला. १९५६ मध्ये आयसेनहॉवर पुन्हा निवडणूक लढले, जिंकले, आणि १९६९ पर्यंत जगले. अर्थात अध्यक्षांना मिळालेले उपचार सर्वांना मिळत नाहीत. पण झटका म्हणजे कर्तेपणाचा शेवट नव्हे, एवढे त्यावरून लोकांच्या मनात ठसले.

शास्त्राने अंथरुण सोडून आज सत्तर वर्षे होऊन गेली. आपल्या घरांनी ते अद्याप सोडलेले नाही.

मनाचा हृदयावर परिणाम

मन आणि हृदय यांचा संबंध जुन्या काळापासून लोकांना ठाऊक आहे. आपल्या भाषेतच तो दिसतो. काळजात धस्स होते, छाती दडपते, ऊर भरून येतो, हृदय पिळवटते. रुधिराभिसरणाचा शोध १६२८ मध्ये ग्रंथरूपाने मांडणाऱ्या विल्यम हार्वेनेही, सुख, दुःख, आशा, भय यांची खळबळ हृदयापर्यंत पोहोचते, असे नमूद केले होते. पण संबंध आहे असे म्हणणे वेगळे आणि तो मोजून दाखविणे वेगळे.

१९९३ मध्ये कॅनडातील माँट्रिअल येथे नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या २२२ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. झटक्यानंतर इस्पितळात असतानाच ज्यांच्यात तीव्र उदासीनता आढळली, त्यांना पुढील सहा महिन्यांत मृत्यूचा धोका, विकाराची तीव्रता वगैरे इतर गोष्टी जमेस धरूनही, इतरांच्या सुमारे चौपट होता. यानंतर या विषयावर पुष्कळ काम झाले, आणि २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नेमलेल्या तज्ज्ञांनी, झटक्यानंतरची उदासीनता ही धोक्याच्या घटकांत धरावी, अशी शिफारस केली.

असे का व्हावे? याला दोन वाटा सांगितल्या जातात. एक शरीराच्या आतली. सततच्या ताणाने ॲड्रेनलिन व कॉर्टिसोल यांसारखे स्राव वाढतात, नाडी व रक्तदाब चढतात, रक्त गोठण्याकडे अधिक झुकते. दुसरी वाट रोजच्या वागण्याची. ज्याला उद्याचा दिवस नकोसा झाला आहे, तो आजची गोळी कशाला वेळेवर घेईल? तो फिरायला जात नाही, पथ्य पाळत नाही, तंबाखू सोडीत नाही, डॉक्टरांकडे जायची तारीख टाळतो. मला ही दुसरी वाट अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर घरातील माणसांना काही करता येते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मन आनंदी ठेवले की हृदय बरे होते, असे सरळ समीकरण मांडणे चूक आहे. २००३ मध्ये अमेरिकेत २४८१ हृद्रोग्यांवरील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात उदास किंवा एकाकी रोग्यांना मानसोपचार देण्यात आले. त्यांची उदासीनता कमी झाली, एकाकीपणाही कमी झाला; परंतु मृत्यूचे वा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. काहींना हा निष्कर्ष निराशाजनक वाटला. मला तो फार शिकवून जाणारा वाटतो. वृद्धाचे मन प्रसन्न असावे ते त्याचे आयुष्य वाढावे म्हणून नव्हे. जे आयुष्य उरले आहे ते त्याला आपले वाटावे, एवढे कारण पुरेसे आहे.

घरातला 'आराम'

आता आपल्या घरांकडे वळू. आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षक राहतात. झटका येण्यापूर्वी सकाळचे दूध आणणे, मंडईतून भाजी आणणे, विजेचे बिल भरणे, नातवाला शाळेत पोचविणे ही कामे त्यांची होती. इस्पितळातून आल्यावर मुलाने एकेक काम काढून घेतले. "अण्णा, तुम्ही आता काही करायचं नाही. खूप केलंत. आराम करा." यात मुलाचा दोष नाही, त्याच्या बोलण्यात मायाच होती. पण तीन महिन्यांनी अण्णांना डॉक्टरांनी फिरायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "कुठे जाऊ? मला बाहेर कामच नाही." हे वाक्य मी विसरू शकत नाही. पाय चालत होते. जायला ठिकाण उरले नव्हते.

कामापाठोपाठ दुसरी गोष्ट जाते, ती म्हणजे बातमी. 'त्यांना सांगू नका, त्यांना हार्टचा त्रास आहे,' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. भाच्याची नोकरी गेली, सांगू नका. गावाकडची जमीन विकायची आहे, सांगू नका. जुना मित्र वारला, तेही सांगू नका. म्हाताऱ्या माणसाला हे कळत नाही असे नाही. तो खोलीत आला की बोलणे थांबते, एवढे त्याला पुरते. मग तो न सांगितलेल्या गोष्टींची कल्पना करीत बसतो, आणि कल्पना बहुधा सत्यापेक्षा वाईट असते. मित्राच्या मरणाचे दुःख त्याला झाले असते हे खरे. पण चार माणसांत बसून रडण्याचा त्याचा हक्क आपण काढून घेतो. अचानक धक्का बसू नये म्हणून बातमी सावकाश, जवळ बसून सांगावी, हे योग्य. ती लपवणे योग्य नव्हे.

तिसरी गोष्ट ताटातली. मीठ कमी करायला हवे, त्यात तडजोड नाही. पण सर्वांच्या पानात लोणचे-पापड आणि एका पानात अळणी भाजी, अशी पंगत रोज बसली की त्या माणसाला आपण पंक्तीबाहेर पडल्यासारखे वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे साधारण एक चमचा. हा नियम सर्व घरालाच लागू आहे. सर्वांनीच मीठ कमी केले, फोडणीत लसूण, जिरे, वर लिंबू-कोथिंबीर यांनी चव आणली, तर पथ्यही सांभाळले जाते आणि पंगतही.

चौथी गोष्ट कोणी बोलत नाही. अंगातले पाणी कमी करण्यासाठी लघवीची गोळी दिली जाते. ती घेतल्यावर काही तास वारंवार उठावे लागते. म्हणून कित्येक वृद्ध भजनाला, लग्नकार्याला, एस. टी.च्या प्रवासाला जाणे सोडून देतात; संकोचाने कारण सांगत नाहीत. 'ते आता कुठे जात नाहीत' असे आपण म्हणतो आणि त्याला म्हातारपण समजतो. वस्तुतः डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलता येते का, एवढे पाहिले तरी कधी कधी एक मनुष्य पुन्हा माणसांत येतो.

हे झाले बहुधा पुरुषांचे. स्त्रियांची गोष्ट अनेकदा याच्या उलट असते. आजीला विश्रांती मिळतच नाही. स्त्रियांमध्ये हृदयविकार छातीतील कळेबरोबरच थकवा, धाप, मळमळ अशा लक्षणांतून अधिक वेळा प्रकट होतो. त्यामुळे 'पित्त झालं असेल' म्हणून दिवस जातात. तीही तसेच म्हणते, कारण चूल अडू नये. आणि पुढे विकार उघड झाला की एका दिवसात तिचे स्वयंपाकघर काढून घेतले जाते. चाळीस-पन्नास वर्षे ज्या ओट्यावर तिचा शब्द चालला, तेथे ती पाहुणी होते. आधी न मिळालेली विश्रांती आणि नंतर लादलेली विश्रांती, दोन्हीही तिला न विचारताच ठरतात.

उदासीनता ओळखावी कशी?

आपल्याकडील म्हातारी माणसे 'मी उदास आहे' असे सहसा म्हणत नाहीत. ती म्हणतात, 'जीव लागत नाही', 'चैन पडत नाही', 'अन्न गोड लागत नाही', 'छातीत कसंसंच होतं'. पण थकवा, झोप न येणे, भूक मंदावणे ही लक्षणे हृदयविकाराचीही आहेत आणि उदासीनतेचीही. मग फरक करावा कसा? हीच अडचण ओळखून १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येसावेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी तीस प्रश्नांची एक मापनश्रेणी तयार केली; पुढे तिची पंधरा प्रश्नांची लहान आवृत्तीही निघाली. तिच्यात शारीरिक तक्रारींना जवळजवळ स्थानच दिलेले नाही. उत्तरे केवळ 'होय' किंवा 'नाही' अशी द्यायची असतात. आयुष्याबद्दल समाधान वाटते का, पोकळी जाणवते का, आवडीची कामे सुटली का, आपण निरुपयोगी झालो असे वाटते का, अशा आशयाचे तिचे प्रश्न आहेत. या श्रेणीकडे पाहताना माझ्या मनात आले की, 'आवडीची कामे सुटली का' याला अण्णांसारखा माणूस काय उत्तर देईल? त्याची कामे सुटली नाहीत, ती सोडविली गेली.

घरातील माणसांना मापनश्रेणीची गरज नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नाही, किंवा मन सतत खिन्न आहे, असे दिसले की डॉक्टरांना सांगावे. 'आता देवाने न्यावे' हे वाक्य वृद्धांच्या तोंडी नेहमीचेच, म्हणून आपण ते हसण्यावारी नेतो. तसे करू नये. जवळ बसून, 'असं का वाटतं?' म्हणून सरळ विचारावे, आणि जीव देण्याचा विचार मनात आहे असे जाणवले तर माणसाला एकटे न सोडता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. उदासीनतेवर औषधे आहेत. हृद्रोग्यांना चालतील अशीही आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

काय करता येईल?

१९७६ मध्ये एलेन लँगर व ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग आपल्या अभ्यासक्रमातील अनेकांना माहीत असेल. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, तुमच्या दिवसाची आखणी तुम्हीच करा. आणि प्रत्येकाला आवडीचे एक रोपटे निवडून ते सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांना सांगितले की, तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ. त्यांनाही रोपटे दिले, पण पाणी परिचारिका घालीत. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील वृद्ध अधिक आनंदी व अधिक हालचाल करणारे आढळले. प्रयोग लहान होता. त्यावरून फार मोठे सिद्धांत उभारू नयेत. तरीही माझ्या मनात राहतो तो त्या झारीतला फरक. रोपटे दोघांनाही मिळाले; झारी एकालाच मिळाली.

हृद्रोग्यांपुरते बोलायचे तर पुरावा याहून भक्कम आहे. हृदय दुबळे झालेल्या २३३१ रोग्यांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, देखरेखीखाली शिकविलेला व्यायाम सुरक्षित ठरला. २०१२ मधील त्याच्याच पुढील अहवालात उदासीनताही थोडी कमी झाल्याचे दिसले. आपल्या देशात २४ इस्पितळांतील ३९५९ रोग्यांवर योगाधारित पुनर्वसनाचा प्रयोग झाला व २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा झटका येण्याचे वा मृत्यूचे प्रमाण निश्चितपणे कमी झाले असे म्हणता आले नाही. पण योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली, आणि झटक्यापूर्वीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले. 'कामांकडे परतणे' हे मोजण्याजोगे यश मानले गेले, याचे मला विशेष वाटते. पायांच्या धमन्यांच्या विकारातही दुखेपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे हाच उपचाराचा एक भाग आहे.

म्हणून घरच्यांनी डॉक्टरांना 'यांनी काय करायचं नाही?' एवढेच विचारू नये. 'यांनी काय काय करायला हरकत नाही?' हेही विचारावे, आणि ते रोग्यासमोर विचारावे. मग त्या यादीतून रोग्यालाच निवडू द्यावे. दुधाची पिशवी जड होत असेल तर वर्तमानपत्र आणता येईल. जिना झेपत नसेल तर बसल्या जागी घरखर्चाचा हिशेब ठेवता येईल. आजीला पोळ्या लाटणे जमत नसेल तर मसाल्याचे प्रमाण तिलाच विचारावे. काम लहान असले तरी चालेल. पण ते खरे असावे. करमणुकीसाठी दिलेले खोटे काम म्हाताऱ्या माणसाला तात्काळ ओळखू येते.

विश्रांती नकोच, असा याचा अर्थ नाही. छातीत कळ, वाढती धाप, चक्कर, एक-दोन दिवसांत झपाट्याने वाढलेले वजन किंवा पायांवरची सूज ही लक्षणे दिसली तर काम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. काहींचे हृदय इतके दुबळे असते की खुर्चीत बसणे हाच त्यांचा व्यायाम. अशांनाही निर्णयात भाग घेता येतो. शरीर थकले म्हणून मत थकत नाही.

आपण विद्यार्थीही काही करू शकतो. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण वृक्षारोपण करतो, तसे आठवड्यातून एक तास अशा एखाद्या वृद्धाबरोबर चालायला जाता येईल. मदतीची गरज असलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही शासनाची दूरध्वनी सेवा आहे. तिची माहिती आपल्या आळीत पोचविता येईल. आणि आपल्याच घरात आजोबा-आजी असतील, तर त्यांना एखादी गोष्ट शिकवायला सांगता येईल. मोडी वाचणे असो, हिशेब असो, वा नुसती गावाकडची नाती असोत, त्यांच्याकडे देण्यासारखे पुष्कळ आहे.

हृद्रोगी वृद्धाची सेवा करणे म्हणजे त्याच्यासाठी सर्व काही करणे, असे आपण समजत आलो. त्याला जे अजून करता येते ते त्याच्याकडून काढून न घेणे, हाही सेवेचाच भाग आहे. पथ्य, औषध आणि तपासणी यांची वही आपण घरी ठेवतोच. त्याच वहीत 'आज त्यांनी काय केले, काय ठरविले' अशी एक ओळ दररोज लिहिण्याजोगी असावी, एवढेच मला सुचवायचे आहे.